आधी मेन पाड

दोरी नंतर, दशरथ.
आधी मेन पाड.
पडला की "टक" म्हणतो तो,
तो टक ऐकल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

हो, बाहेर. शटरच्या आत नाही,
जिन्याखालीही नाही, चोरी होईल म्हणून तर मुळीच नाही.
छावनीत एकाने मागच्या खोलीत लावला होता,
शटर अर्धं ओढून हिशेब लिहीत बसला.
त्या धुरातलं जे मारतं त्याला वास नसतो,
ते आधी नुसती झोप आणतं.
सकाळी वहीवर डोकं, बोटांत पेन,
आणि बेरीज बरोबर.

तेल बघ. कांडी पूस, बुडव, परत काढ.
पेट्रोल दुपारीच भरलंय, गार होता तेव्हा.
तापलेल्या टाकीत कॅन ओतायचा नाही,
गिऱ्हाईक "भिया, भिया" करत कितीही ओरडो.
चार किलो आम्रखंड गेलं तर गेलं.

आता कॉक उघड. चोक ओढ.
दोरी आधी हळू, अडते तिथवर.
मग एकदम.
पहिल्यांदा खोकेल. दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा तू मनात शिवी देशील, तेव्हा लागेल.
आणि दोरी झटक्यात सोडू नकोस,
पाहुण्याला दारापर्यंत नेतात
तशी हाताने परत नेऊन ठेव.

थांब, लगेच काही जोडू नकोस.
दोन मिनिटं एकटा चालू दे त्याला.
चोक परत, सावकाश.
आवाज सरळ झाला की आधी डीप फ्रीझर,
मग पंखा, दिवा शेवटी.
पैसे मला अंधारातही मोजता येतात.

परवा विचारलंस ना,
ही वायर वेगळी, भिंतीला शिवतसुद्धा नाही,
मग मेन कशाला पाडायचा?
आणि ताई दर वेळी खांबाकडे का बघते?

अण्णा लाइनमन होते.
मे महिना, आंधी येऊन गेलेली, जुन्या इंदुरात तार तुटलेली.
लाइन बंद करवली, टेस्टर लावून पाहिला,
तार मेलेली. मग चढले.
खाली गल्लीत एक चपलांचं दुकान.
त्याने नवा जनरेटर आणला होता
आणि दोन्हीकडे पिना असलेली एक वायर,
एक टोक यंत्रात, एक भिंतीच्या सॉकेटात.
मेन तसाच वर.
त्याला हवा होता एक पंखा, दोन ट्यूबलाइट.
पण वीज उलटी चालायला लागली की
मीटरमधून खांबावर जाते,
खांबावरून ट्रान्सफॉर्मरात,
आणि तिथे उलट्या पायऱ्या चढून
अकरा हजाराची होते.

अण्णा वाचले. पडले म्हणून वाचले.
उजवी मूठ पुन्हा मिटली नाही.
माझ्या लग्नात अक्षता त्यांनी डाव्या हाताने टाकल्या,
गुरुजी काही बोलणार होते, बोलले नाहीत.

तो चपलावाला दवाखान्यात आला होता,
डझनभर केळी घेऊन.
रडत होता, मला ठाऊक नव्हतं हो, खरंच नव्हतं.
अण्णांनी त्याला पलंगाच्या कडेवर बसवलं
आणि डाव्या हाताने चादरीवर रेघा ओढत
मेन स्विच म्हणजे काय ते समजावलं.
दोनदा.
पहिल्यांदा त्याचं लक्ष नव्हतं.

ते बघ, समोर जोशींच्या गच्चीवर दिवा आला.
धावू नकोस!
मेन आत्ता चढवायचा नाही.
आधी फ्रीझर काढ, पंखा काढ,
मोकळा चालू दे मिनिटभर, मग बंद.
कॉक विसरलास.
हां.

आता जा, चढव.
आणि हात कोरडे कर आधी,
हे ताक कोणी सांडलंय इथे?