रात्रपाळी, शीतयंत्राची खोली

रात्री इथे मी असते आणि अमोनियाचा वास.
एकतीस वर्षं झाली. आता तो मला
कोटाच्या अस्तरासारखा आतूनच लागतो.

घसरगाड्यांची वाट टेकडीवरून सुटते,
सोळा वळणं घेत गौया नदीच्या बाजूला उतरते.
पाणी मारायचं काम इल्ग्वार्सचं:
धुक्याइतकं बारीक, थरावर थर.
चौदाव्या वळणाची भिंत लिंपताना
तो श्वास धरतो, सुईत दोरा ओवावा तसा.
खाली मी काट्यांकडे बघते.
काटा हलला की त्याला फोन.
आमचा संसारही साधारण असाच झाला.

परवा तो मुलगा आला.
मुलगा म्हणजे असेल चाळिशीचा,
कुठल्याशा समितीचा, पातळ बुटांचा.
इल्ग्वार्सने त्याला स्वतःचे नमद्याचे बूट दिले.
माझा काळा पाव सरकवून त्याने लॅपटॉप उघडला.

नकाशावर ठिपके.
हिरवे म्हणजे भरवशाचे, पिवळे म्हणजे बघू,
करड्यांबद्दल तो नुसता "हं" म्हणाला.
"इथे तर खेळ झाले होते," एका करड्यावर बोट ठेवून मी.
"झाले होते," तो म्हणाला,
माणूस गेल्यावर बोलतात त्या आवाजात.

"मग हिरव्यांना द्या."
हिरव्यांतल्या एका गावाने मतपेटीतून नको सांगितलंय.
दुसऱ्यात महापौर तयार, पण गोठेवाल्या बायका
कुरण सोडायला तयार नाहीत.
तिसऱ्यात बर्फ कमरेइतका,
रस्ता मात्र एक, आणि खानावळ रविवारी बंद.
आणि ज्यांना हवेच आहेत
त्यांच्याकडे वाळू आहे. ते म्हणतात, बर्फ आणवू.

दात आहेत तर चणे नाहीत,
चणे आहेत तर दात नाहीत.

"नॉर्वे?"
"सगळं आहे. हौस नाही."
"जपान?"
"बर्फ उदंड. लोक हिशेब मागतात."
"कझाकस्तान?"
त्याने डोळे चोळले. "एकदा थोडक्यात हुकलं.
पुन्हा विचारायला हवं."

"आणि आम्ही?"
तो हसला. मग मीही हसले.
आमचा सर्वांत उंच डोंगर तीनशे बारा मीटर.
त्यालाही आम्ही डोंगरच म्हणतो,
लहान मुलाला अहोजाहो करावं तसं.

तरी एकदा समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याने मागणी घातली होती.
लग्न त्यांच्या दारी,
घसरगाड्यांची वरात तेवढी आमच्याकडून.
मी या खोलीचे पडदे धुतले होते.
ठरलं दुसरीकडेच.
पडदे मात्र तेव्हाचेच, आता पुन्हा काळे.

"पुढे असंच होईल," तो म्हणाला.
"एकाचा डोंगर, दुसऱ्याचा बर्फ, तिसऱ्याचं सभागृह.
एकट्याला कुणालाच झेपणार नाही."
मी म्हटलं, आमच्याकडे टोपलीची मेजवानी असते.
प्रत्येकाने आपापली टोपली आणायची,
कुणी मासे, कुणी चीज, कुणी नुसताच कांदा.
पण घर कुणीतरी उघडावं लागतं, बाबा.
टोपल्या घेऊन अंगणात किती वेळ उभं राहणार?

हे त्याने टिपून घेतलं.
कुठल्या रकान्यात, कळलं नाही.

तीनच्या सुमारास काटा हलला.
इल्ग्वार्सचा फोन माझ्या आधी वाजला:
पाऊस.
जानेवारीत, सिगारेटची राख पडावी तसा, आवाज न करता.
मी दुसरा कंप्रेसर लावला.
खोली थरथरली, त्याचा चहा कपातच डुचमळला.
"हे किती वर्षं चालेल?" त्याने विचारलं.
यंत्राबद्दल विचारतोय असं समजून
मी यंत्राबद्दल सांगितलं.

मग तो टेबलावरच झोपला,
गालाखाली अर्धा युरोप.

सहाला सरावाच्या पोरी आल्या.
त्यांतली मादारा, शिरस्त्राणात बुडालेली, सात वर्षांची.
ती त्याच्याजवळ उभी राहिली. नकाशाकडे बघितलंही नाही.
"काका, पाय उचला.
गाडी ठेवायचीय."