तारीख

मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर,
देवगोंडाकाकांचे मेल तीन दिवस अडकलेत.
आउटबॉक्समध्ये सतरा बिलं
आणि इरोडच्या पार्टीला रागात लिहिलेलं एक पत्र.

पासवर्ड सारखा मागतंय.
काका प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करतात;
हमालांनाही पाठ झालाय.

पोर्ट बघितला. नऊशे त्र्याण्णव, बरोबर.
येणारा सर्व्हर, जाणारा सर्व्हर, स्पेलिंगसुद्धा.
केबल काढून फुंकली, परत खोचली,
बोटांना पिवळी पूड.
तरी तेच: प्रमाणपत्र ग्राह्य नाही.

मग खाली कोपऱ्यात नजर गेली.
एक जानेवारी, दोन हजार बारा.

मागच्या भिंतीवर, माझ्या खांद्याला लागेल अशी,
पुराची मळकट रेघ.
यंत्राच्या लेखी ती अजून उमटायचीय.
कृष्णा पात्रात आहे,
काकूंचा डबा साडेबाराला येणार आहे.

नाण्याएवढा सेल, चाळीस रुपये.
तारीख मी काकांनाच घालायला लावली.
वर्षं ते एकेक करून चढत गेले,
एका ठिकाणी जरा थांबले.

मेल सुटले. सतरा बिलं,
त्यांच्या पाठोपाठ इरोडचंही.
"अगं, ते तेवढं थांबवायचं होतं," काका म्हणाले.