दोन सेकंद उशिराचं आमेन

दारावरची पाटी मीच रंगवली होती,
खिडक्यांचा उरलेला निळा रंग वापरून:
आत येताना टोपी काढा, मोबाईल बंद करा.
टोप्या निघतात अजून.

मालुतीच्या या डोंगरात रेंज येते
ती चर्चच्या पश्चिमेच्या खिडकीत,
तीही फक्त तिसऱ्या काचेपाशी,
जिच्या कडेची लांबी केव्हाच निखळून पडली.
म्हणून गेल्या ईस्टरपासून आमची बाकं तिरकी आहेत.
पाळक, मोरुती मोखेले,
अर्धे वेदीकडे, अर्धे खिडकीकडे तोंड करून
प्रवचन देतात, गळ्याभोवती मफलर.
आणि घंटा वाजवून झाली की मी
फोन धरून उभा राहतो.
घंटेवाल्याचा हात भरत नाही, म्हणे.
भरतो.

पलीकडे, वेल्कोमला, खाणीच्या वसतिगृहात
आमच्या गावचे अकरा जण पलंगांवर बसतात.
दिसत नाहीत. चित्र लावलं तर पैसे फार जातात.
नुसता खोकला येतो, पलंगाची करकर,
स्टोव्हवर कुणाचं तरी उकळणारं काहीतरी.

पहिल्याच रविवारी, प्रभूची प्रार्थना
भाकरीपर्यंत पोचली होती,
आणि एक बाई मध्येच गोड आवाजात बोलली:
तुमची शिल्लक संपत आली आहे.
म्हाताऱ्या मामपोने डोळे न उघडता म्हटलं,
"खरंय, बाई."

प्रभुभोजनाचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतोय.
खाणीतले समोर पाव ठेवतात,
पेल्यात द्राक्षाचं कसलंसं बाटलीतलं सरबत.
इथल्या आशीर्वादाने तिथला पाव पवित्र होतो का?
वडीलमंडळ तीन तास बसलं,
आंबवलेल्या ज्वारीच्या पेजेचा हंडा संपला,
निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.
तोवर ते खातात.
मी ऐकतो. पाव शिळा असतो, चावताना कळतं.

आमचं आमेन संपतं,
मग दोन सेकंदांनी त्यांचं येतं,
घाट चढून आल्यासारखं दमलेलं.
आधी पोरं फिदीफिदी हसायची.
आता सगळेच थांबतात, मोरुतीसुद्धा,
पान उलटायला उचललेलं बोट तसंच ठेवून.

त्या अकरांत एक आमेन शेवटाला उगाच वर चढतं.
माझ्या बापाचं चढायचं. माझंही चढतं.

खोत्सो.

चार वर्षं आम्ही बोललेलो नाही.
मला न विचारता करडी घोडी विकून गेला,
आणि पहिल्या पगारातून हा फोन पाठवला.
मला नव्हे. चर्चला.

आज आशीर्वाद झाला, लोक उठले,
बाहेर घोंगड्या झटकल्या गेल्या, खोगिरांचे पट्टे आवळले गेले.
मी हात खाली घेतला नाही.
तिकडेही कुणीतरी फोन बंद केला नव्हता.
नळ वाहत होता.
ताटली धुऊन दोनदा आपटली कुणीतरी, पाणी निथळायला,
त्याची आई आपटायची तशी.

क्षमा, पश्चात्ताप हे शब्द मोरुतींचे.
ते वापरायची मला सवय नाही.
फटीतून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ केली
आणि म्हणालो,
"करडीला परत आणलंय.
दुप्पट घेतले चोराने.
गाभण आहे."

एक.

दोन.

नळ बंद झाला.