हाफ क्लच

सोमवारी सड्यावर कोणी मासे घेत नाही,
म्हणून गाडी सोमवारीच उघडायची ठरलं.
पडेल तिठ्यावरच्या इस्माईल मेस्त्रीने
तीन दिवस सांगितले होते, आणि अठ्ठावीसशे.
तीन दिवस बर्फ थांबत नाही.

खळ्यात गोणपाट अंथरलं, तेल काढलं,
गाडी डाव्या कुशीवर निजवली, खाली जुना टायर.
आबा पायरीवर बसले, विडी न पेटवता.
"पेट्रोल आसा," असं स्वतःलाच बजावून.

आधी चेन.
खाऱ्या वाऱ्याने कड्या आवळून धरलेल्या,
हातात घेतली तर लोंबायचं सोडून
होती तशीच वाकडी राहिली.
पुढच्या स्प्रॉकेटचे दात मुशीचे झालेले,
टोकदार, सगळे एकाच दिशेला कललेले.
दहा वर्षं बंदरावरून घाटी चढायची,
मागे दोन क्रेट बांगडा, वर बर्फाची लादी.
दात झिजणार नाहीत तर काय.

मग कव्हर.
आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर मी त्याचा आकार काढला
आणि बोल्ट निघेल तसा जिथल्या तिथे खोचत गेले,
कारण प्रत्येकाची लांबी वेगळी
आणि माझी आठवण माझ्याच बापाची.
नववा बोल्ट हलेना.
आईने खोबरेल आणलं, मी हातोडी.
दोघींचं थोडं थोडं चाललं.

आत काळं तेल, आणि तो वास,
रिकामा टोप चुलीवर विसरल्यासारखा.
पोलादी प्लेटा निळ्या पडलेल्या,
ताज्या बांगड्याच्या पाठीसारख्या.
मधल्या, ज्यांना पकड असायला हवी,
त्या बोटाखाली गुळगुळीत, पोस्टकार्डासारख्या.

"इतक्या कशा जळल्या?"
घाटी काही एकट्या आमच्याच गाडीला नाही.
इनासची गाडी आमच्या आधीची,
तिच्यात अजून कंपनीच्याच प्लेटा.

आबा गप्प.
मग त्यांनी डावा हात उजेडात धरला,
दुकानदार बिल दाखवतो तसा.
विंचच्या दोरात सापडलेला हात.
तर्जनी नाही, मधलं अर्धं,
हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.
ठाऊक नव्हतं ते हे:

"रवलेली बोटां पुरी वळनत नाय गो.
पुरो दाबूक येना नाय, सोडूचो भेव वाटता.
मगे अर्धोच धरून चलवतंय."

किती दिवस?

"तां खयचा ध्यानात."

मी गॅस्केटचा जुना कागद ब्लेडने खरवडत बसले.
गरज होती त्याहून जास्त वेळ.

नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवायच्या असतात.
आईचा सुंगटांचा टोप मी न विचारता घेतला.
त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

पहाटे चारला, बॅटरीच्या उजेडात,
एक पकडीची, एक पोलादाची, पुन्हा पकडीची.
स्प्रिंगा समोरासमोरच्या, थोड्या थोड्या आवळायच्या.
चेनच्या कुलपाची उघडी बाजू चालीच्या उलट.
हे सगळं आबांनी तोंडी सांगितलं,
पायरीवरून, डोळे मिटून.

शेवटी लिव्हर कानशीने घासला,
वाकवून मुठीच्या जवळ आणला.
आबांनी तो दोनदा दाबून पाहिला.
"बरो झालो," म्हणाले,
आणि किल्ली माझ्या हातात दिली.

घाटीत गाडी नुसती ओरडली नाही, चढली.
मागे क्रेट नव्हते, आबा होते.
मागे बसायची त्यांना सवय नाही,
हात कुठे ठेवायचे ते कळेना.
उजव्याने कॅरिअर धरला. डावा माझ्या खांद्यावर.
रामेश्वराच्या वळणाला मी दुसरा गिअर टाकणार,
त्याच्या अंमळ आधी
ती उरलेली बोटं
माझा खांदा दाबत होती,
आणि मी गिअर टाकल्यावर
सोडत होती, पुरता.