पिंगळ्याचं लेबल

कॉलेजच्या प्राणी संग्रहालयात लेबलं मीच लिहायचो,
अक्षर बरं, नोकरी रोजंदारीवर.
अजगराच्या बरणीवर : पायथन.
बोरस्ते मॅडम म्हणाल्या, हा डेल्फीचा, अपोलोनं मारलेला.
आमचा गंगापूरच्या कालव्यावर
ट्रॅक्टरखाली आला होता.

नीलवंतावर एका राजाचं नाव.
सोन्यासाठी त्यानं सांभाळायला दिलेलं पोर मारलं.
फुलपाखराला हे
कुणी सांगितलेलं नाही.

आणि पिंगळा : अथेनी ब्रामा.
त्यांची देवी, आपला ब्रह्मदेव,
मूठभर पिसांत दाटीवाटीनं.
मी हसलो.
मॅडम म्हणाल्या, हसतोस काय गवळे,
तू राहतोस ते गाव तरी
कापलेल्या नाकाचंच ना?

खरंय. कुण्या ग्रीकानं नकाशात नासिक लिहिलं,
अक्षांश-रेखांशासकट.
त्या बाईचं रक्त
त्याच्या मोजणीत नव्हतं.

परवा पिंगळ्याची पिसं कसरीनं खाल्ली.
लेबल खिशात राहिलं.

संध्याकाळी पांडवलेण्यावर चढलो.
यवनानं दान दिल्याचा लेख,
त्याच्या वरच्या फटीत एक जिवंत,
मान वाकडी करून
माझ्याकडं बघत.
खिशात हात घातला,
लेबल चाचपलं,
तसाच उभा राहिलो.
त्यानं चिर्रर्र केलं.
कुठल्या भाषेत, कळलं नाही.