वही देणार नाही

ये टेम्वा, बस. चहा गार झालाय, तरी घे.
उद्या तुझ्या डोक्यावर वडीलजन हात ठेवतील,
माझा झगा घडी होऊन पेटीत जाईल
आणि आंब्याला टांगलेली ती ट्रकची जुनी रिम
तुझ्यासाठी वाजेल.

मी आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो.
झोम्ब्याहून आणलेली पदवी, ग्रीक शब्दकोश दोन,
आणि हाताने आखलेला तक्ता:
पत्रे कधी बदलायचे, वर्गणी कधी गोळा करायची,
कोणत्या रविवारी कोणता उतारा.
सरोवरावरून वारा सुटला की
वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास
थेट व्यासपीठापर्यंत येई.
मी नाक दाबलं नाही कधी,
पण बोलायचो नाक दाबल्यासारखाच.

खजिनदार होते लुसुंगु न्यिरोंगो.
भर सभेत त्यांचा हिशेब मी उभ्या उभ्या दुरुस्त केला.
चारशे क्वाचांचा घोळ. बेरजेत हातचा विसरले होते.
मी बरोबर होतो. हे आजही सांगतो, बरोबर होतो.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
परत घातला नाही.
पुढच्या रविवारी त्यांचा बाक रिकामा.
त्याच्या पुढच्या रविवारी अकरा घरं.

रिम वाजवणारी न्याम्हांगो, जिला सही येत नाही,
अंगठा उठवते ती, मला म्हणाली,
"पाळक, बेरीज तुमचीच खरी.
पण हातचा माणूस विसरलात."

मग मी क्षमेवर उपदेश लिहिला. चांगला होता, अजून ठेवलाय.
ऐकायचं ज्याने, तो समोर नव्हता.
शेवटी चालत गेलो.

न्यिरोंगो किनाऱ्यावर जाळं विणत होते.
बस म्हणाले नाहीत. मी बसलो.
बऱ्याच वेळाने एक टोक माझ्याकडे टाकलं,
"ताणून धर."
तीन तास धरलं. बोटं सोलवटली.
ना देवाचा शब्द निघाला, ना हिशेबाचा.
सूर्य मागच्या डोंगरात बुडाला तेव्हा विचारलं त्यांनी,
"तुझी आई असते कुठं?"
चौदा महिन्यांत हा प्रश्न
मी कुणालाही विचारला नव्हता.

तुला वाटेल, आले ते रविवारी. छे.
सात महिन्यांनी आले, न्याम्हांगोच्या नातवाच्या दफनाला.
पेटी लहान, पण दोर धरायला माणूस कमी होता.
समोरचं टोक त्यांनी उचललं आणि हळूच म्हणाले,
"ताणून धर."

दोन घरं मात्र आजही येत नाहीत.
पत्रे अजून गळतात.

ही हजेरीची वही. तू मागितलीस, काम सोपं होईल म्हणून.
समासात तीस वर्षं लिहिलंय मी:
कुणाचा गुडघा, कुणाची सासू,
कुणाला जोहान्सबर्गच्या मुलाबद्दल विचारायचं नाही,
उपदेशात कोण झोपतं, कारण रात्रभर होडीवर असतं.
देणार नाही.
दुसऱ्याच्या अक्षरातली नावं
तोंडात परक्या कवळीसारखी बसतात.
एक ओळ तेवढी आज रात्रीच तोंडी सांगतो,
त्या घरात नवरा हात उगारतो,
ती तुझ्या ओळखीची वाट बघू शकत नाही.

बाकीचं चालत जाऊन मिळव.
चुकीच्या नावाने हाक मारशील, पोरं हसतील. हसू दे.
बस म्हणाले नाहीत तरी बस.
आणि न्यिरोंगोंचा कुत्रा भुंकतो, चावत नाही.
एवढं फुकट.