पाचांपेक्षा कमी

डिलिव्हरीवाला खोकं निळ्या कचरापेटीमागे ठेवून गेला,
चिठ्ठीवर लिहून: 'सुरक्षित जागी ठेवले आहे.'
डंडीत मार्चमध्ये सुरक्षित जागा म्हणजे
जिथे पाऊस एकाच बाजूने लागतो.

वरच्या मजल्यावरच्या फ्योनाने एक टोक धरलं.
"टीव्ही?"
"नाही, कामाचा."
जिन्याच्या वळणावर तिरका करत, भिंतीचा पोपडा काढत
आणला वर सत्तावीस इंच.

चालू केला आणि खोलीचा रंग बदलला.
जुन्या पडद्यावर पांढरं म्हणजे घडीवर पिवळलेलं धोतर,
इथे नीळ दिलेलं, कडक.
वेलांट्यांचं पोट दिसलं.
'क्ष'च्या आतली गाठ
पंधरा वर्षं अक्षरं जुळवून आज पहिल्यांदा दिसली.
मी मोठ्याने म्हटलं, अगं बाई!
ऐकायला कुणी नव्हतं.

मग ते दिसलं.
वरून एक वीत, डावीकडून चार बोटं.
मोहरीएवढंही नाही, खसखस म्हणा.
फुंकर मारली. चष्म्याच्या फडक्याने पुसलं.
पान सरकवलं, ते सरकलं नाही.
अक्षरं त्याच्याखालून जात राहिली
आणि ज्याच्या डोक्यावर ते आलं
त्याला अनुस्वार देत राहिलं.

पानं खोचरे गुरुजींची. मुक्काम गडहिंग्लज,
वय एक्क्याऐंशी, आत्मचरित्र, स्वखर्चाने.
शेतात टाकलेल्या खताची खंत झाली.
वाटणीत आलेला भाग झाला भांग.
मला एकटीलाच हसू येत होतं,
रात्रीचे साडेअकरा.

कंपनीत फोनवर कॅलम नावाचा मुलगा,
नम्र, पाठ केलेला आवाज:
पाचांपेक्षा कमी मेलेले ठिपके आम्ही दोष धरत नाही.
'मेलेले' हा शब्द त्याचा.
"पाच झाले की नक्की कळवा."
जशी मी ते पाळणारच होते.

ओल्या कापडाने चोळलं,
पेन्सिलीमागच्या रबराने हलकेच दाबलं,
रात्रभर लाल हिरवा निळा लाल हिरवा निळा
लुकलुकवत ठेवला,
समोरच्यांना वाटलं असेल, हिच्याकडे पार्टी आहे.
सकाळी ते तिथेच.
खिडकीत टे नदी नव्हती, पूल नव्हता.
समुद्रावरून चढून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात.
माझ्या कानाला त्यात आधी शेवंती येते,
मग पराभव.
पण धुकं तरी दुपारपर्यंत उठतं.

परत पाठवला नाही.
खोकं दाराआड उभं आहे,
चौदा दिवसांची मुदत त्यातच कुठेतरी संपली.
डोळ्यांनी आपली सोय केली:
टिंब दिसलं की म्हणायचं, पडद्याचं आहे, सोड.

जूनमध्ये छापील प्रत आली.
पान चौऱ्याऐंशी, तिसरी ओळ:
'हिरण्यकेशीच्या पुरात माझं घरं गेलं.'
ते पडद्याचं नव्हतं.
माझ्या बोटाचं होतं.
तीनदा वाचलं होतं मी,
तीनदा सोडलं होतं.

फोन केला. तिकडे कुकर होत होता.
"घरं?" गुरुजी थांबले.
एक शिट्टी पूर्ण झाली.
"धाकट्याचंही गेलं होतं, उल्काबाई. भिंतीला भिंत.
ते मी पुस्तकात घातलं नाही."
आणि मग
फोटोत त्यांचा कान काळा आलाय
त्यावर बराच वेळ बोलले.

आता नवं पान उघडलंय.
दुसऱ्या कुणाचं तरी, पहिलाच शब्द 'मी'
आणि ते नेमकं त्याच्यावर:
मीं,
जुन्या पुस्तकांत लिहायचे तसं.